घड्याळ बघत प्रार्थना करणारे सर

छकुलीचे डोळे वर गेले. माझ्या एका हातात माईक, कडेवर ती, अन् ‘प्रभूनं माझं लेकरू बरं केलं’ एवढंच माझं बोलून झालं होतं. तेवढ्यात तिची मान मागं गेली, हातपाय ताठ, दातावर दात. माईक पडला, त्याचा केवढा मोठा आवाज झाला, अन् प्रार्थनेला आलेली शंभरभर माणसं एकदम उठली. कुणी म्हणलं चप्पल हुंगवा, कुणी म्हणलं कांदा आणा, एक बाई चमचा घेऊन तिच्या तोंडात घालायला धावली. मी नुसती ओरडून राहिले होते. काय ओरडले ते मला बी ठाऊक न्हाई.

अन् मागच्या रांगेतून सर आले. बुटका माणूस, पोट पुढं, पर खुर्च्यांवरून अशा उड्या मारल्या की दोन खुर्च्या मोडल्या.

“चमचा न्हाई! चप्पल न्हाई! कुशीवर करा तिला, कुशीवर! हवा येऊ द्या, मागं सरका की ओ!”

छकुलीला त्यांनी सतरंजीवर कुशीवर निजवलं. मनगटावरचं घड्याळ काढलं अन् तिच्या डोक्यापाशी ठेवलं. त्यांचे ओठ हलून राहिले होते. मी जवळ होते, मला ऐकू येत होतं, “प्रभू, धर हिला. प्रभू, धर.” प्रार्थनाच होती ती, डोळ्यांतून पाणी बी चाललं होतं. पर डोळे मिटलेले नव्हते. डोळे घड्याळाच्या काट्यावर. एक डाव पापणी हलली न्हाई.

मला तवा असा राग आला! माझं लेकरू मरून राहिलं अन् हा माणूस देवाशी बोलता बोलता टाइम बघून राहिला! देवाशी बोलताना कुणी घड्याळ बघतं का, तुम्हीच सांगा.

झटका थांबला. ती ढिली पडली, तोंडातून फेस, श्वास घरघर. सरांनी घड्याळ उचललं अन् म्हणले, “चार मिनिटं वीस सेकंद. चला दवाखान्यात.” अन् तिला छातीशी धरून पळत सुटले. मी मागं अनवाणी.

असा माणूस तुमच्या पाहण्यात आला असंल तर बरं. मला तर एकच भेटला, अन् तो बी दोनदा.

पहिल्यांदा भेटले तवा मी आठ वर्सांची होते. आम्ही किल्लारीकडचे. भूकंपात आई गेली, बाप अन् मी राहिलो, पत्र्याच्या शेडात. दिवसभर पत्रे तापायचे अन् जमीन जराशी हलली की सगळी शेडाभाईर. म्हातारी माणसं म्हणायची, देवाचा कोप झाला, गावात पाप लई झालं होतं. मी ते ऐकायची अन् गप बसायची. कारण पाप मी केलं होतं. गणपती उठायच्या दिशी आईनं नैवेद्याला मोदक केले होते, त्यातला एक मी देवाच्या आधी खाल्ला होता. अन् त्याच रात्री सगळं झालं. मला वाटायचं, हे कुणाला कळलं तर मला शेडातून हाकलतील.

तवा बिलोलीकडून कॉलेजची पोरं आली होती चादरी वाटायला. त्यातलं एक बुटकं पोरगं चादरी वाटायचं सोडून आमच्यात बसायचं. तेच सर. गळ्यात काळ्या दोऱ्यात लहानसा लाकडी क्रूस. एक दिस शिळी भाकर घेतली, वाळून कडक झालेली, अन् दोन्ही हातांनी दोन बाजूंनी दाबायला लागले.

“बघा, बघा, बघा! जमीन अशीच दाबत येती. वर्सानुवर्स. बघा, वाकली. अजून वाकली. आता—”

कडाक! भाकर फुटली अन् तुकडे आमच्या अंगावर. आम्ही सगळी पोरं ओरडलो अन् हसलो. भूकंपानंतर पहिल्यांदा हसलो.

एक म्हातारी चिडली, “अन्न मोडतो व्हय रं मुडद्या?”

“न्हाई मावशी, खातो की!” म्हणले, अन् मातीतला एकएक तुकडा उचलून, फुंकून, सगळी भाकर खाल्ली. आमच्यादेखत. म्हातारीला हसू आलं.

मंग मी त्यांना कडेला नेलं अन् मोदकाचं सांगितलं. अर्धं सांगितलं, अर्धं गिळलं. ते म्हणले, “पुरं सांग.” मंग मी पुरं सांगितलं.

ते हसले न्हाईत. माझ्यासमोर उकिडवे बसले. “पोरी, मोदकानं जमीन हलत न्हाई. चोरून खाल्ल्यानं हलत असती तर आमचं हॉस्टेल रोज पडलं असतं. तुमच्या घराच्या भिंती दोन-दोन हात रुंद होत्या, नुसते दगड अन् माती, वर माळवदाचं वझं. मी मापून आलोय. तुझ्या आईला भिंतीनं मारलं. तू न्हाई मारलंस.”

मी रडले. लई रडले. मंग इचारलं, “मंग देव कुठं होता?”

गळ्यातल्या क्रूसाचा दोरा बोटाला गुंडाळायचे, सोडायचे. मंग म्हणले, “ठाऊक न्हाई.”

मोठ्या माणसाच्या तोंडून ‘ठाऊक न्हाई’ मी पहिल्यांदा ऐकलं. बाकी समद्यांना समदं ठाऊक होतं.

“मला वाटतं, जे लोक हातानं दगड उपसून राहिले होते त्यांच्यात होता,” ते म्हणले. “वाटतं म्हणलं मी. भिंत मापली, हे मापलेलं न्हाई. मापलेलं येगळं, मानलेलं येगळं. दोन्ही माझीच हाईत, पर एकाच्या जागेवर दुसरं ठेवायचं न्हाई.”

आठ वर्सांच्या पोरीला काय कळणार त्यातलं! मला एवढंच कळलं की आई माझ्यामुळं मेली न्हाई. त्या दिशी मी दोन भाकरी खाल्ल्या.

मंग ते गेले. मी सातवीपर्यंत शिकले, बापानं लग्न करून दिलं लातुरात, अन् मंग तो बी गेला. आमच्या ह्यांची ॲटो. अन् लातुरात तवा नुसत्या शिकवण्याच शिकवण्या! ज्या गल्लीत किराणा होता तिथं शिकवणी, वरच्या मजल्यावर शिकवणी, खाली मेस, मागं पोरांच्या खोल्या. नांदेडहून, परभणीहून, कुठून कुठून पोरं यायची डॉक्टर-इंजिनेर व्हायला. आमच्या ह्यांच्या ॲटोत सात-सात पोरं, दप्तरं भाईर लोंबकळलेली. छकुली वर्साची झाली तसं मी एका शिकवणीत झाडायला लागले. तीन हॉल, दोनशे-दोनशे पोरं बसायची. छकुलीला मागच्या बेंचाखाली झोपवायची अन् झाडायची.

एक दिस तास चालू होता, मी दाराशी झाडू घेऊन उभी. एका पोरानं काय तरी इचारलं, उजेडाबद्दल. सर थांबले. अन् दोनशे पोरांपुढं टाळी वाजवून म्हणले, “ठाऊक न्हाई! लई भारी इचारलंस! उद्या बघून सांगतो!”

माझ्या हातातला झाडू गळाला. असं खुश होऊन ‘ठाऊक न्हाई’ म्हणणारा माणूस दुसरा असूच शकत न्हाई! तास सुटल्यावर मी पुढं गेले अन् म्हणले, “सर, मोदकवाली पोरगी.” त्यांनी डोक्याला हात लावला. “किल्लारी!” म्हणले अन् एवढे हसले, एवढे हसले, मंग एकदम चष्मा पुसायला लागले.

त्यांच्या तासाची तुम्हाला मजा सांगते. गणित सुटलं की पोरगं ओरडायचं, “सर, पाच!”

“पाच काय? पाच भाकरी? पाच म्हशी? पुरं सांग!”

“पाच मीटर, सर!”

“आत्ता कसं! मीटर गिळला होतास व्हय रे?”

सगळा हॉल हसायचा. अन् चुकलेलं गणित फळ्यावरून पुसू द्यायचे न्हाईत मला. “राहू दे पोरी, ते उद्या शिकवायचं हाय. बरोबर आलेलं पूस, त्याचं काम झालं.”

पोरं बी लई आगाऊ. सर ख्रिस्ती म्हणून मुद्दाम खोदायची. एक जण म्हणला, “सर, तुमच्या बायबलात जग सहा दिवसांत झालं, अन् तुम्हीच आम्हाला करोडो वर्सं शिकवून राहिलात. खरं काय?”

आता कोण काय बोलंल, मी घाबरले. पर सर तर चवड्यावर उभे राहिले आनंदानं.

“मी बी माझ्या बापाला हेच इचारलं होतं! त्यानं मला हाणलं. मी तुला हाणत न्हाई. सूर्य कितव्या दिशी झाला, वाच. चौथ्या! मंग पहिले तीन दिस कुणाच्या घड्याळानं मोजले रे? ज्यानं लिहिलं त्याला दिस मोजायचे नव्हते, कुणी केलं ते सांगायचं होतं. अन् दगडाचं वय दगडाला इचारायचं. दगड बी त्यानंच लिहिलेला हाय, तो कामून खोटं बोलंल?”

रसायनचे सर दारातून ऐकत होते. ते चिडवायचे लई. “काय फादर, प्रार्थनेनं रँक येतो का?”

“न्हाई येत. रँक न आलेला पचतो.”

रसायनचे सर बी हसत गेले.

परीक्षेच्या आधी एक मिनिट सगळ्यांना गप बसवायचे. “ज्याला ज्याला बोलवायचंय त्याला बोलवा. ज्याचं कुणी न्हाई त्यानं सूत्रं आठवा.” मुसलमानाची पोरं, मराठ्याची, आमच्या गल्लीतली, समदी डोळे मिटायची. अन् सर? खिडकीतून भाईर बघायचे, जसं कुणी यायचंय.

एकदा दुपारच्याला मला हाक मारली, “पोरी, पळ! लेकराला आण! जाईल ते!” मला वाटलं काय झालं काय न्हाई, पळत गेले. खिडकीत पाण्यानं भरलेली काचेची बरणी ठेवलेली, त्यातून ऊन आलं होतं अन् समोरच्या भिंतीवर इंद्रधनुष्य! तांबडं, पिवळं, निळं, हाताएवढं. छकुलीनं भिंतीला हात लावला तर रंग तिच्या हातावर आले. ती अशी हसली, अशी हसली!

“माझी आई म्हणायची, देवानं ढगात धनुष्य ठेवलं,” सर म्हणले. “पुस्तक म्हणतं, किरण वाकला. पोरं मला म्हणतात, सर, एक काय ते ठरवा. मी म्हणतो, अरे, वाकवून ठेवलं!”

मी म्हणले, “सर, तुम्हाला भेव न्हाई वाटत? समदं कळलं तर देव संपंल असं?”

“त्यानं केलेलं बघायला भेव कशाचं? उलट जेवढं बघतो तेवढं मला…” त्यांनी नुसता हात हलवला भिंतीकडं. ऊन सरकलं होतं, रंग गेले होते.

त्याच सालात छकुलीला झटके सुरू झाले. पहिला झटका बेंचाखालीच आला. सासू म्हणली, भाईरचं हाय, ताईत बांधा. सरांनी ताईताला काय म्हणलं न्हाई, नुसतं म्हणले, “बांधा, पर चला डॉक्टरकडं.” डॉक्टरनं डोक्याला तारा लावून तपासलं अन् औषधाची बाटली दिली. सकाळी एक झाकण, सांजच्याला एक. म्हणला, “एक दिवससुद्धा चुकवायचं नाही. मनानं बंद केलं तर झटका दुप्पट जोरानं येईल.” सरांनी माझ्याकडून ते तीनदा म्हणून घेतलं, जसं पोरांकडून सूत्र म्हणून घेतात.

अन् मी रविवारी त्यांच्या प्रार्थनेला जायला लागले. सरांनी कधी बोलावलं न्हाई. मीच गेले, मला आधार पाहिजे होता. आमचे हे म्हणले, “तुला बरं वाटतंय तर जा, पर आपला देव सोडायचा न्हाई.” तिथं पेटी वाजायची, बाया टाळ्या वाजवून गाणी म्हणायच्या, छकुलीच्या डोक्यावर हात ठेवायच्या. तीन महिने झाले, एक बी झटका न्हाई! मी तर हवेत होते. ती पळायला लागली, बोलायला लागली, ॲटोचा भोंगा वाजवायला लागली.

त्या लोकांत एक रीत हाय, तुम्ही बघितली असंल. ज्याचं दुखणं गेलं त्यानं समद्यांपुढं उभं राहून साक्ष द्यायची. भाईरगावाहून मोठे उपदेशक येणार होते, तवा प्रार्थनेतली माणसं मला म्हणली, तुझ्या लेकराची साक्ष दे. मी सरांना सांगितलं.

“दे की!” ते लई खुश झाले. “पर पुरं सांग हां. प्रार्थनेचं सांग, बाटलीचं बी सांग, डॉक्टरचं बी. अर्धी साक्ष दिली तर ती खोटी साक्ष.”

मी आमच्या रांगेतल्या दोन बायांना आधी म्हणून दाखवली. बाटलीचं नाव आलं अन् त्यांची तोंडं पडली. एक म्हणली, “मंग बाटलीनंच बरं झालं म्हण की. प्रभूनं काय केलं गं?”

मी घरी आले अन् इचार करून करून डोकं फिरलं. बाटली सांगितली तर साक्ष फिक्की. न्हाई सांगितली तर खोटी, अन् सर समोर बसणार. मंग मला जे सुचलं ते असं वाटलं की वरूनच सुचलं! बाटलीच बंद केली तर? मंग बाटलीचं सांगायचंच कामून? मंग साक्ष पुरी बी अन् खरी बी!

मला कुणी सांगितलं न्हाई हो बाटली बंद कर म्हणून. उपदेशकांनी न्हाई, बायांनी न्हाई. साक्ष खरी करायला मी माझ्या लेकराचं औषध बंद केलं. बाटली तांदळाच्या डब्यात लपवली अन् ह्यांना दाखवायला रिकामं झाकण तिच्या तोंडाला लावायची. सहा दिस. सहा दिस काय झालं न्हाई, अन् मी दर दिशी जास्तच खुश. सातव्या दिशी रविवार. पुढचं तुम्हाला सांगितलं.

दवाखान्यात डॉक्टरनं पहिलं इचारलं, “झटका किती वेळ होता?” मला तर वाटलं होतं तास गेला. सर म्हणले, “चार मिनिटं वीस सेकंद. उजव्या हातापासून सुरू झाला.” डॉक्टरनं मान वर करून त्यांच्याकडं बघितलं. म्हणला, “बरं झालं मोजलं. पाचाच्या पुढं गेला असता तर वेगळं इंजेक्शन लागलं असतं.” तवा मला घड्याळाचं कळलं. ते देवाकडं पाठ करून घड्याळ बघत नव्हते हो. त्यांना दोन्हीकडं एकदमच बघता येत होतं.

तेवढ्यात आमचे हे ॲटो तशीच रस्त्यात सोडून पळत आले. डॉक्टरनं इचारलं, “औषध चालू होतं ना?”

हे माझ्या बाजूला उभे. मी म्हणले, “हाव. चालू हाय.”

“म्हणजे हे औषध पुरत नाही. दुसरं, जोरातलं सुरू करावं लागेल.”

हे पैसे भरायला खाली गेले. सर माझ्याकडं बघून राहिले. रागानं न्हाई. तसंच, शेडापुढं उकिडवे बसून बघितलं होतं तसं. “पोरी. पुरं सांग. आता तिच्या नसांत काय जाणार ते तुझ्यावर हाय.”

मी फुटले. तांदळाच्या डब्यापासून समदं सांगितलं. ते भिंतीला टेकले. “मी तुला पुरं सांग म्हणलो,” एवढंच म्हणले, दोनदा. तोंड पांढरंफट्ट. मंग डॉक्टरला व्हरांड्यात बोलावलं अन् म्हणले, “ह्या बाईला सांगायचं हाय.” स्वतः न्हाई सांगितलं. मला सांगायला लावलं. डॉक्टर ओरडला माझ्यावर, पर नवं औषध खोडलं अन् जुनंच लिहिलं. तेवढ्यात हे आले. डॉक्टर अजून रागात होता, ह्यांना म्हणला, “औषध बंद होतं तुमच्या घरात. प्रार्थनेच्या नादात.”

ह्यांनी माझ्याकडं बघितलंच न्हाई. सरळ सरांच्या अंगावर गेले. “तुम्हीच ना मास्तर? तुम्हीच बंद करायला लावलं ना?”

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली फरशीकडं बघितलं.

तुम्हाला आमचे हे ठाऊक न्हाईत. वाईट न्हाईत, पर लेकरावर जीव असा की त्यात माझा जीव गेला तरी चाललं असतं. सासू तर आधीच म्हणायची, हिला माहेर न्हाई, हिचं काय ऐकायचं. मी कुठं गेले असते?

सर म्हणले, “मी तिथं होतो.” बस्स. न्हाई म्हणले न्हाईत, हाव म्हणले न्हाईत.

दुसऱ्या दिशी हे शिकवणीच्या दारात जाऊन ओरडले. दोनशे पोरांपुढं. ख्रिस्ती मास्तरनं लेकराचं औषध बंद केलं, धर्म बाटवायला निघालाय. पोरांचे आईबाप आले. मालकानं आठ दिस बघितलं, मंग सरांना हात जोडून म्हणला, उद्यापासून येऊ नका. ज्या माणसानं ते औषध तीन-तीनदा माझ्याकडून म्हणून घेतलं, त्याच्यावर हे आलं!

मी त्यांच्या खोलीवर गेले. पुस्तकं पोत्यात भरून राहिले होते. मी पाया पडायला लागले तर मागं सरकले.

“सर, तुम्ही सांगितलं कामून न्हाई?”

“बाटली लपवताना मी बघितलं न्हाई. तू बघितलंस,” ते म्हणले. “डॉक्टरला कळणं गरजेचं होतं, लेकरासाठी. ते झालं. बाकीचं तुझं हाय पोरी, तुझ्या वतीनं मी साक्ष देऊ शकत न्हाई.” मंग थोडं थांबले अन् एकदम डोळे चमकले त्यांचे, “पर बघितलंस का, उजव्या हातापासून सुरू होऊन मंग पुऱ्या अंगात कसं पसरलं ते! मेंदूत विजेचा कसा रस्ता असंल! मी वाचून राहिलो त्याच्यावर. मोठं नवल केलंय त्यानं, अन् आपण अजून काठावरच हावोत.”

नोकरी गेलेला माणूस! हसू का रडू मला कळेना.

ते बिलोलीकडं गेले. म्हणतात तिकडं झाडाखाली पाच-सहा पोरं घेऊन बसतात. मला पुन्हा दिसले न्हाईत. छकुलीला त्यानंतर झटका न्हाई आला. बाटली चालू हाय, मी घड्याळ लावून देते. अन् रोज दोन्ही टायमाला हात जोडते. दोन्ही मला बी आता येतं.

परवा दुपारी आमच्या दारात जीप थांबली. नांदेडच्या एका मोठ्या शिकवणीतली दोन माणसं. म्हणले, ते सर आम्हाला पाहिजेत, त्यांच्यासारखं शिकवणारा माणूस मिळंना. पर लातुरात काय काय ऐकू आलं, म्हणून ज्याचं लेकरू त्यालाच इचारायला आलो. त्यांनी औषध बंद करायला लावलं म्हणून तसं झालं का?

हे जेवत होते. हात तसाच ताटात ठेवून म्हणले, “हाव. मारलंच होतं लेकरू. असा माणूस पोरांत ठेवू नका.”

त्यातल्या मोठ्यानं मान हलवली अन् उठायला लागला. मंग मी दारात उभी होते, मला म्हणला, “बाई, तुम्ही आई. तुमचं काय म्हणणं?”

 छकुली ह्यांच्या मांडीवर, ह्यांच्या ताटातलं खाऊन राहिली होती.

मी म्हणले, “सरांनी न्हाई. मी केलं बंद. त्यांना ठाऊक बी नव्हतं. बाटली तांदळात लपवली होती, सहा दिस.” अन् एकदा सुरू झालं ते थांबेचना. रिकामं झाकण, डॉक्टरपुढचं खोटं, फरशीकडं बघितलं ते, समदं. मला भेव वाटून राहिलं होतं अन् तरी आतून असं हलकं, जसं उडून राहिले!

ती माणसं उठली. जाता जाता मोठा म्हणला, “बोलावून घेतो त्यांना.” ह्यांनी छकुलीला मांडीवरून उतरवलं, हात धुतले, चप्पल घातली अन् ॲटो घेऊन गेले. माझ्याकडं बघितलं न्हाई.

आज तिसरा दिस. अजून आले न्हाईत. सासू आतून बोलून राहिली, तोंड बंद न्हाई तिचं. भाईर कुठली बी ॲटो वाजली की छकुली दारात पळती, अन् मी तिच्या मागं.

तुम्ही बी लेकुरवाळ्या असाल, घरदार असंल तुम्हाला. खरं सांगा, त्या टायमाला तुम्ही काय केलं असतं?